टाकीचं तीर्थ

"यावर कुणाचा विश्वास बसणार नाही," टाकीमहाराज म्हणाले, "पण भर समुद्रात भोक पडलेली नाव आम्ही नुसत्या फुंकरीवर तीन दिवस तरती ठेवली!"

कर्वेनगरातल्या नदीकाठच्या त्या सोसायटीच्या आवारात चाळीस माणसं माना डोलावत उभी होती. सगळी पदवीधर, बरं का! एरवी पाण्याचा टँकर मागवायचा तरी तीन कोटेशनं घेणारी. महाराजांना मात्र एकानंही नावगाव विचारलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं, तेव्हा तळमजल्यावरच्या सरोजिनीबाईंच्या अंथरुणाला खिळलेल्या यजमानांना पलंगासकट उचलून न्यावं लागलं होतं. म्हणून सोसायटीनं इंजिनाची एक छोटी जुनी नाव घेतली. आता तिच्या प्लॅस्टिकच्या टाकीतून, माथ्यावर नळी जोडतात तिथून, पेट्रोल पाझरत होतं. आणि धरण काठोकाठ आलेलं. सरोजिनीबाईंची उभी हयात शाळेच्या प्रयोगशाळेत गेलेली. "रबरी वॉशर बदला," त्या म्हणाल्या, तर अध्यक्ष गोपाळकृष्णांनी सांगितलं, "विषय पुढच्या मीटिंगला घेऊ." महाराज मात्र मीटिंगशिवाय आले.

महाराजांनी उन्हातली टाकी सावलीत आणवली. तिच्यावर ओलं भगवं वस्त्र पसरलं, वस्त्राखाली हात घातला. "गळगळ स्तंभय, पाझर स्तंभय!" सुस्स आवाज झाला. "गेली! गळतीची बाधा गेली!" मग जोडावर अंगाऱ्याचा लेप. थेंब थांबला. टाळ्यांचा कडकडाट! गोपाळकृष्णांनी पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनी आरतीला कापूर काढला.

सरोजिनीबाईंनी काडेपेटी हिसकावून घेतली. "पेट्रोलशेजारी कापूर? अंगारा कमी पडला का, की आमचाही करायचाय?"

"ताई, श्रद्धा ठेवा."

"ठेवते. पण या नावेत मला नवऱ्यालाही ठेवायचंय."

त्यांनी वस्त्र ओढलं. "हा झाकणावरचा हवेचा स्क्रू. सकाळी मीच आवळला होता, आता सैल आहे. उन्हानं आत वाफ कोंडते आणि पेट्रोलला फटीतून बाहेर ढकलते. यांनी टाकी थंड केली, वस्त्राआड स्क्रू फिरवला, वाफ सुटली, थेंब थांबला. बाधा कसली, वाफ ती!" लेप त्यांनी नखानं टोकरला, तो पापडासारखा सुटून आला. "या प्लॅस्टिकला हा चिकटतसुद्धा नाही. नाव पाण्यात डुलते, अध्यक्ष. शंभू, टाकी कलती करा जरा."

पिकल्या मिशांच्या वॉचमन शंभूनं टाकी कलती करून खाली वाटी धरली. टप. टप. टप.

"पुरात नावेच्या तळाशी हेच साचेल, आणि मग एक ठिणगी पुरे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "डोळे आहेत तर बघा, तोंड आहे तर विचारा, करून पाहा आणि मग माना. वॉशर चिरलाय. आजच बदला, टाकी हलवून तपासा."

महाराज हसले. "अजाण आहात. ते आता पेट्रोल नव्हे, तीर्थ आहे!"

गोपाळकृष्णांचा तळवा आपसूक पुढे झाला.

"थांबा, पहिला मान महाराजांचा," म्हणत सरोजिनीबाईंनी वाटी महाराजांच्या ओठांशी नेली.

महाराज दोन पावलं मागं सरले. "आज आमचा निर्जळी उपवास."

"खोटं!" शंभू ओरडला. "आत्ताच गेटवर माझ्या थर्मासातला दोन कप चहा प्यायलात की!"