डाव्या कानाचा चमत्कार

"माय, गोळी खाल्ली की लघवी लाल येते का न्हाई?"

माईकवरून प्रश्न आला आणि मांडवातली तीन-चारशे माणसं एकदम चिडीचूप झाली. पुढे उभ्या असलेल्या सत्यभामाबाईंनी पदर तोंडाशी नेला. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन त्यांना तीन महिने झाले होते, आणखी तीन बाकी होते. त्या हळूच म्हणाल्या, "व्हय, बाबा."

"ते तुझं रक्त हाय, माय! गोळी तुला आतून जाळून राहिली!"

मांडवभर हाय हाय झालं. बाया गालात मारून घेऊ लागल्या. न सांगता बाबांना कसं कळलं? साक्षात्कारी पुरुष!

मी शेवटच्या खांबाला टेकून उभी होते. आखाडा बाळापूरहून जीपने रोज या वाडीत येते आणि शाळेत मराठी शिकवते. माझ्या डोळ्यांना तर वेगळंच दिसत होतं. सत्यभामाबाईंच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं. 'येताना आपापली औषधं घेऊन या' असं आदल्या दिवशी रिक्षातून भोंग्यावर पुकारलं होतं. टीबीच्या गोळीने लघवी लाल होते हे दवाखान्यातली सिस्टर प्रत्येक पेशंटला पहिल्याच दिवशी सांगते. त्यासाठी साक्षात्कार लागत नाही, पाकीट वाचता आलं तरी पुरतं.

बाबांचं नाव वाचानाथ महाराज. त्यांच्या तोंडून निघालेला शब्द खरा होतो म्हणे. तसे माझ्याही तोंडचे काही शब्द खरे होतात. बुधवारी मी 'उद्या गुरुवार' म्हणते आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार उजाडतो.

"तुमी मेंढरामागं ऊन-पाणी अंगावर घेता का न्हाई?" बाबा गरजले.

"घेतो!" सगळ्यांत पुढचा गुलाबी फेटेवाला ओरडला आणि त्याच्या मागोमाग सगळा मांडव.

"कोणाचं वाईट करता का?"

"न्हाई!"

"तरी आजार तुमच्याच घरी येतो का न्हाई?"

"येतो!"

"मंग आजार घरात आणते कोण? गोळी! गोळी सोडा, आजार सुटंल!"

"व्हय! व्हय!"

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सगळ्यांनी आपली औषधं तांब्याच्या हंड्यात टाकायची आणि मंतरलेल्या पाण्याची बाटली घेऊन जायची असं ठरलं. पाणी फुकट. फक्त खुशीने एक कोकरू द्यायचं. खुशी भरून न्यायला मांडवामागे टेम्पो लावून ठेवला होता.

त्या दुपारी शाळा सुटली तरी नववीतली शिवकन्या बाकावरून उठेना. ही सत्यभामाबाईंची नात. वसमतच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेली माझी विद्यार्थिनी.

"मॅडम, आजी उद्या गोळ्या टाकून देणार हाय."

"मी बोलते त्यांच्याशी," मी म्हटलं.

"तुमी नका बोलू. तुमी लई बराबर बोलता, पण कोणी ऐकत न्हाई. सिस्टरबी बोलून गेली. मधीच गोळ्या सोडल्या तर आजार उलटतो म्हणली, मंग साध्या गोळ्यांनी आटपत न्हाई. आजी मरंल, मॅडम."

शिवकन्येने वही उघडून माझ्यापुढे सरकवली. वक्तृत्वाच्या तयारीला मीच लिहून दिलेलं पान होतं. सुरुवात प्रश्नाने करा. आधी ऐकणाऱ्याच्या मनातलं बोला, मग आपलं. तीनदा सांगा. भीती दाखवा, लगेच वाट दाखवा. मोठ्या माणसाचा दाखला द्या.

"बाबानं समदं हेच केलं," ती म्हणाली. "नांदेडच्या मोठ्या डॉक्टरनं पाय धरले म्हणला. कोणता डॉक्टर? नाव सांगितलं का?"

मला स्वतःचीच लाज वाटली. बावीस वर्षं मी पोरांना बोलून माणसं जिंकायला शिकवलं, स्पर्धांच्या ढाली आणल्या, कपाटात मांडल्या. पण हीच हत्यारं कोणी आपल्यावर चालवली तर ओळखायची कशी, यावर एक तासही घेतला नव्हता.

शिवकन्येला न्यायला तिचे आजोबा मसाजी आले होते. दाराशी काठी टेकवून ऐकत होते. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. ते म्हणाले, "अन् तो गुलाबी फेटेवाला? व्हय म्हणायला दर टायमाला तोच पहिला. मेंढरू पाण्यात आपसूक उतरत न्हाई, मॅडम. वढा वलांडायचा तर म्होरं बकरी घालावी लागते. ती उतरली की समदा कळप मागं उतरतो."

शिवकन्येचे डोळे चमकले. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, मलाबी एक बकरी लागंल."

गुरुवारी मांडव आणखी भरला होता. हंड्याभोवती झेंडूची माळ, मांडवामागे कोकरांचं बें बें. बाबांनी विचारलं, "कोणाला अनुभव सांगायचा हाय?" शिवकन्या पुढे झाली. बक्षीस मिळवलेली पोरगी म्हटल्यावर बाबांनी खुशीत माईक दिला. मी ठरल्याप्रमाणे पहिल्या रांगेत बसले होते.

"मेंढी आजारी पडली की तिचा कान लवतो का न्हाई?" शिवकन्येने विचारलं.

"लवतो!" मी ओरडले. मागून मांडव ओरडला.

"कान धरूनच आपण मेंढीचा ताप बघतो का न्हाई?"

"बघतो!"

"मंग मेंढीला कान हाय, माणसाला न्हाई का?"

"हाय!"

ती थांबली आणि आवाज खाली आणला. माणसं पुढे झुकली. "आजार डाव्या कानातून आत शिरतो. एका लई मोठ्या डॉक्टरनं हे बाबाच्या पायाशी कबूल केलं. जो आत्ता डावा कान धरणार न्हाई, त्याच्या घरात अमावस्येच्या आत खोकला शिरंल. धरा कान!"

मी उजव्या हाताने डावा कान धरला. माझ्या शेजारी गुलाबी फेटेवाल्याने सवयीने धरला. मग रांगच्या रांग. सरपंच, पोस्टमन, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, सगळे कान धरून बसले. सत्यभामाबाईंनी तर डोळे मिटले होते.

"सत्य वचन!" बाबा उठून उभे राहिले. "पोरीच्या जिभेवर मीच बसलो हाय!" आणि त्यांनीही डावा कान धरला.

"सोडा आता," शिवकन्या म्हणाली. "हे समदं खोटं हाय. काल शाळेच्या बाकावर बसून मी रचलं."

कोणाचा हात कानावरून निघेना. गुलाबी फेटेवाल्याने झडप घालून माईक हिसकावला. पण मेंढरं हाकारणाऱ्या घरची पोर ती, तिला माईक कशाला लागतो?

"मेंढीचा कान लवतो, हे खरं व्हतं. खऱ्यावर तुमी व्हय म्हणलात, अन् त्याच नादात मी खोटं आत घातलं. भेव दाखवलं. बिननावाचा डॉक्टर आणला. म्होरं बकरी लावली, त्या बघा मॅडम! बाबाची बकरी फेटा बांधून बसली हाय. अन् बाबाला मनातलं कळतं ना? मंग माझ्या मनातलं खोटं काहून कळलं न्हाई? कान धरून काहून उभे राहिले?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी झटकन हात खाली घेतला. "पोरगी नासली! हिची वाचा जाईल!"

"कवा जाईल?" मसाजींनी बसल्या जागेवरून विचारलं. "टाइम सांगा. आमी थांबतो."

गोंधळ उठला. त्यात सत्यभामाबाई हंड्याशी गेल्या. पाकीट धरलेला हात हंड्यावर होता. मी जागेवरून उठले.

"शिवकन्या," त्या म्हणाल्या, "काल बाबा बोलला, खरं वाटलं. आज तू बोलली, तेबी खरं वाटलं. उद्या तिसरं कोणी येईल. मंग ही गोळी काहून खाऊ? तू म्हणती म्हणून?"

"मी म्हणते म्हणून न्हाई," शिवकन्या म्हणाली. "तू बघ."

तिने दप्तरातून दवाखान्याचं कार्ड काढून वाचलं. पहिल्या दिवशी वजन पस्तीस किलो, आता एकोणचाळीस. थुंकीत तेव्हा जंतू सापडले होते, दोन महिन्यांनी तपासली तेव्हा नव्हते. मग तिने आजच्या गोळ्यांतली एक घेतली, कागदात धरून चुरली आणि स्टीलच्या पेल्यातल्या साध्या पाण्यात टाकून ढवळली. पाणी लालभडक झालं. पेला तिने सगळ्यांना दाखवत फिरवला.

"आजी, हे कोणाचं रक्त? पेल्याचं?"

सत्यभामाबाईंनी पेला हातात घेतला आणि पाणी उजेडाकडे करून पाहिलं. मग पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. पदराने तोंड पुसून मांडवाकडे वळल्या.

"बाबा, काल तुमी लई इचारलं. आज मी एक इचारते. रंग गोळीचा व्हता, तर माझं रक्त काहून म्हणलात?"

वाचासिद्ध महाराजांची वाचा तिथे बसली. मसाजी उठले, मांडवामागे गेले आणि टेम्पोचं फाळकं पाडून सत्यभामाबाईंनी दिलेलं घरचं कोकरू उतरवून घेतलं. मग दुसरा उठला, तिसरा उठला. सगळे नाही उठले. दहा-बारा जणांनी तरीही बाटल्या नेल्या, आणि त्यांतली तीन माणसं अजून मला बघून वाट बदलतात.

माझं सांगणं एवढंच आहे. कोणी तुमच्याकडून सलग तीनदा 'हो' वदवून घेतलं की चौथ्यांदा तोंड उघडण्याआधी थांबा. कोण डॉक्टर, नाव विचारा. पहिला हात कोणाचा वर गेला ते बघा. घाबरवलं असेल तर घाबरलेले असताना काहीही टाकू नका, काहीही घेऊ नका. आणि समोर बाबा असो, पुढारी असो, नाहीतर मी असो, 'काहून', म्हणजे 'का', असं विचारायला लाजू नका.

शुक्रवारी मी फळ्यावर हाच धडा लिहायला घेतला. 'प्रश्न विचारलाच पाहिजे' एवढं लिहून होतं न होतं, तोच मागच्या बाकावरून शिवकन्येने हात वर केला.

"काहून, मॅडम?"

मी खडू खाली ठेवला आणि पहिल्यापासून समजावून सांगायला लागले.