खडखड्याच्या तोंडात बोळा

मी खडखड्या बोलतोय. हळू बोलायची मला सवय नाही, तेव्हा तुमच्या कानांची आधीच माफी मागतो. दोन चाकं, एक लांब दांडा आणि चाकांवर पारदर्शक प्लॅस्टिकचा घुमट, एवढाच माझा देह. घुमटात बारा रंगीत गोळ्या. दांडा धरून कुणी ढकललं की आतली पट्टी उडते, गोळ्या घुमटावर आपटतात आणि माझं सुरू होतं, टकाटक, टकाटक. कारखान्यात तपासणीच्या बाईंनी मला एकदाच फळीवर ढकलून पाहिलं होतं. "कानठळ्या बसवेल हा. पास!" म्हणाल्या. आयुष्यात मला मिळालेलं तेवढंच प्रमाणपत्र.

मला विकत घेतलं एका आत्याने, आपल्या भाचीसाठी. खोक्यातून बाहेर काढून तिने मला फरशीवर एक फेरी फिरवलं, तशी भाचीची आई म्हणाली, "ताई, कसला सूड उगवताय हो?"

"माझी परीक्षा आली की तुझा नवरा डबे बडवत बसायचा," आत्या म्हणाली. "मी विसरले नाहीये."

घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. बाबा बेकरीत भट्टीवर कामाला. पहाटे जायचे, दुपारी येऊन बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर आडवे व्हायचे. आई आतल्या खोलीत खिडकीपाशी मशिनवर पडदे शिवायची. उजेड हवा म्हणून तोंड खिडकीकडे आणि पाठ घराकडे.

आणि भाची म्हणजे ढबू. गुबगुबीत, हसरी आणि बूड न उचलणारी. दीड वर्षाची झाली तरी बसल्या बसल्याच सरकायची. डॉक्टर म्हणाले होते, "तिला वाटेल तेव्हा चालेल." आई चारचौघांत हे हसून सांगायची, पण खालच्या अंगणात दुसऱ्या कुणाचं लहान पोर चालताना दिसलं की तिचं मशिन क्षणभर थांबायचं.

मला पाहून ढबूने तीन दिवस काही केलं नाही. चौथ्या दिवशी माझा दांडा धरून उभी राहिली. मी जरासा पुढे सरकलो. टक. ती दचकली, मग हसली आणि पाऊल टाकलं. टक. त्या दुपारी खाटेपासून दारापर्यंत आम्ही दोघं गेलो. आई दारात बसून रडली आणि बाबांनी झोप सोडून टाळ्या वाजवल्या. सगळी वाहवा ढबूची झाली, पण मीही मनातल्या मनात थोडी घेतली.

कौतुक आठवडाभर टिकलं. मग कान किटले. खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्या झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. मला कपाटावर ठेवलं की ढबू खाली बसून असा काही गळा काढायची, की त्यापेक्षा मी बरा. बेकरीतला एक मित्र बाबांना म्हणाला, "आमच्याकडे असलाच एक होता. आम्ही तो बसमध्ये विसरलो. फार मेहनतीने विसरलो."

पण एक गोष्ट बाबांना ठाऊक नव्हती. आईची पाठ घराकडे असली तरी कान माझ्याकडे असायचे. फरशीवर मी टणटण वाजतो, चटईवर दबका आणि दारापाशी उंबऱ्याला अडखळतो. मान न वळवता तिला लेक कुठे आहे ते कळायचं.

एके दिवशी झोप न झाल्यामुळे बाबांच्या हातून पावांची अख्खी भट्टी करपली. मालक नको नको ते बोलला. बाबा घरी आले तेव्हा ढबू झोपली होती. तिला त्यांच्यावर सोपवून आई शिवलेले पडदे द्यायला गेली. बाबांनी शेजाऱ्याकडून स्क्रू-ड्रायव्हर आणला, माझा घुमट उघडला आणि शिवणाच्या टोपलीतल्या चिंध्यांचा बोळा गच्च कोंबला. "थोडे दिवस रे बाबा," ते मला म्हणाले. राग नव्हता त्यात, नुसता थकवा होता.

आई परत येऊन मशिनवर बसली. बाबा स्क्रू-ड्रायव्हर देऊन आले, पेंगत पेंगत दार लोटलं, कडी लावायची विसरले. पडल्या पडल्या घोरू लागले.

ढबू उठली. मला घेतलं. मी बोललो नाही, म्हणून तिने मला जोराने ढकललं. खाटेला वळसा घालून, दाराच्या फटीतून, व्हरांड्यातून आम्ही निघालो. आईला वाटत होतं, पोर अजून झोपलीय. समोर जिना आला. मी ओरडत होतो हो! जीव तोडून ओरडत होतो, पण बोळ्यातून आवाज फुटेना.

माझी चाकं पहिल्या पायरीवरून घसरली. दांडा तिच्या हातातून सुटला आणि मी गडगडत खाली निघालो. प्रत्येक पायरीवर दांडा आपटला, शेवटच्या पायरीवर घुमट तडकून बोळा बाहेर उसळला. जन्मात एवढा मोठ्याने मी कधी वाजलो नव्हतो.

माझ्याशिवाय उभं राहणं ढबूला अजून जमत नव्हतं. आधार गेला तशी ती मटकन खाली बसली. अगदी जिन्याच्या तोंडाशी, पाय पहिल्या पायरीवर सोडून. आई धावत आली ती अशी, की हातातली सुई तशीच होती. तिने लेकीला छातीशी धरलं आणि मग जिन्यात विखुरलेल्या चिंध्या पाहिल्या. तिच्याच पडद्यांच्या.

"हे कुणी केलं?"

"मी," बाबा म्हणाले. "झोप येत नव्हती गं."

"मी कानांनी बघत होते रे तिला," आई म्हणाली. बाबा जिन्यात बसून एकेक चिंधी वेचत राहिले. आवाज ऐकून खालच्या बाई वर आल्या, घरंगळत गेलेली लाल गोळी बाबांच्या हातावर ठेवली आणि त्यानंतर छत पुन्हा कधी ठोकलं नाही.

बाबांनी घुमटाला चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची कडी दोनदा तपासली, खाटेवर पडले आणि म्हणाले, "ढबू, वाजव गं." मी वाजलो आणि ते झोपले.

आता ढबू शाळेत जाते, पळते. मी इतकी वर्षं कपाटावर होतो. गेल्या आठवड्यात खालच्या बाई आल्या. त्यांचा नातू चौदा महिन्यांचा झालाय, भिंत धरून उभा राहतो. "तो तुमचा दंगेखोर आहे का अजून?" त्यांनी विचारलं. बाबांनी मला ओल्या फडक्याने पुसलं आणि कडेवर घेऊन जिना उतरले, एकेक पायरी, जपून.

आता मी खालच्या घरात वाजतो. दुपारी वर बाबा आडवे झालेले असतात. ढबू सांगते, माझा आवाज सुरू झाला की त्यांचा डोळा लागतो. आणि मी मध्येच थांबलो की वरचं मशिनही थांबतं. मी पुन्हा बोलेपर्यंत ते सुरू होत नाही.

मी फार वैताग देतो, ठाऊक आहे मला. कपाटावर ठेवा, बसमध्ये विसरा, मी राग मानणार नाही. फक्त पोराच्या हातात असेन तोवर माझ्या तोंडात बोळा कोंबू नका.