रेघेबाहेरच्या बायका

माझ्या धाकटीचे, एमेतेरियाचे, पहिले केस कापले त्या वर्षीची ही गोष्ट. पहिली बट निल्दाने कापली, म्हणून ती माझी कोमाद्रे झाली. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीहून चिवट. निल्दा ओरुरो शहरातल्या एका वर्तमानपत्रासाठी फोटो काढायची.

त्या दिवशी चिचा, आमची मक्याची दारू, पोटात गेल्यावर तिने कॅमेरा माझ्या डोळ्याला लावला. त्याच्या खिडकीत सगळं अंगण दिसत होतं आणि मध्ये पांढऱ्या रेघांची चौकट तरंगत होती.

"चौकटीतलं तेवढं फोटोत येतं," ती म्हणाली.

"मग बाहेरचं कशाला दाखवतोय मेला?"

"कोण आत शिरायच्या बेतात आहे ते आधी कळावं म्हणून."

मग तिने भिंगाशेजारचा खटका बोटाने दाबून धरला. चौकट एकदम आक्रसली. माझा नवरा तिच्या बाहेर गेला.

"ही दुसऱ्या, लांबच्या भिंगाची चौकट. पण खटका दाबल्याने भिंग काही बदलत नाही हं. आत्ता फोटो काढला तर तुझा नवरा अख्खा येईल."

"अरेरे!" मी म्हणाले, आणि सगळे हसले. तोही हसला.

आम्ही कथिलाच्या खाणीबाहेर, टाकलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यावर काम करणाऱ्या बायका. दगड फोडायचे, उरलंसुरलं कथिल वेचायचं. त्यावर आमच्या चुली पेटायच्या. त्या हिवाळ्यात मॅनेजर उर्किदीने तो ढिगारा एका यंत्रवाल्याला विकायचं ठरवलं. त्यावर कुणाचं पोट चालत असेल तर विक्री होत नव्हती. म्हणून त्याने ला पाझच्या साहेबांना सांगितलं, तिथे चिटपाखरूही नाही. साहेब पाहणीला आले तेव्हा रिकाम्या ढिगाऱ्यासमोर त्यांचा फोटो काढायला त्याने निल्दालाच बोलावलं. तो वर्तमानपत्रात छापून आला की आमचा निकाल लागला.

रखवालदारांनी आम्हाला ढकलत ढिगाऱ्याच्या कडेला नेलं. त्यापुढे मात्र आम्ही हटलो नाही.

"मी जाते आणि बसते त्या टकल्या साहेबाच्या मांडीवर," माझ्या शेजारची फोर्तुनाता म्हणाली.

"ते उभे आहेत, बये."

तिकडे उर्किदी निल्दाला बजावत होता, "एकही घागरा दिसता कामा नये."

"तुम्हीच बघा ना, साहेब."

तिने कॅमेरा हातातून सोडला नाही, नुसता त्याच्या डोळ्यासमोर धरला. तो वाकला.

"त्या दिसतायत की कडेला!"

"रेघेच्या बाहेर आहेत ना? रेघेबाहेरचं येत नाही."

मी तिचं बोट पाहिलं. खटका दाबलेला होता.

"मग असू देत," उर्किदी म्हणाला.

निल्दा आमच्यावर ओरडली, "ए बायांनो! आहात तिथेच थांबा! एक पाऊल हलू नका!"

उर्किदी खूश झाला. फोर्तुनाता थुंकली. "बघ तुझी कोमाद्रे! विकली गेली."

"तोंड आवर आणि हातोडा वर कर," मी म्हणाले.

"कशाला?"

"आपण फोटोत आहोत."

हे कानोकानी शेवटच्या बाईपर्यंत गेलं. एकेक हातोडा वर उठला. साहेबांची आमच्याकडे पाठ होती. उर्किदीने मात्र पाहिलं. तो हसून म्हणाला, "नाचवा, हवे तेवढे नाचवा."

निल्दाने खटक्यावरचं बोट काढलं आणि फोटो घेतला.

रविवारी तो छापून आला. मध्ये साहेब, आणि मागे कडेला आम्ही सगळ्या, हातोड्यांसकट. विक्री बारगळली. उर्किदी तणतणत ढिगाऱ्यावर आला.

"फसवलंत मला!"

"आम्ही कुठे काय केलं, साहेब?" मी म्हणाले. "हातोडे नाचवायला तुम्हीच सांगितलंत. आता बाजूला व्हा, दगड फोडायचेत."

तो जागचा हलला नाही, तेव्हा मी त्याच्या बुटाशेजारचाच दगड फोडायला घेतला. मग हलला.

कंपनीने निल्दाला पुन्हा कधी बोलावलं नाही. ढिगारा आमच्याकडेच राहिला. माझी कोमाद्रे निल्दा १९९४ च्या फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या आठवड्यात, छातीच्या दुखण्याने वारली.