शेंडेफळाचं पहिलं पोहणं

थोरलीने दार उघडलं तेव्हा घरात इतकी शांतता होती, की काहीतरी बिनसलंय हे तिला चपला काढायच्या आतच कळलं. बारा दिवसांची सहा बदकाची पिल्लं घरात असताना शांतता कुठली? ती तर झोपेतसुद्धा चिवचिवतात.

आई शिलाई मशीनपाशी मान खाली घालून बसली होती, आणि मशीन बंद होतं.

"आई, पिल्लं कुठायत?"

"बाथरूममध्ये. मामाजवळ. अगं, आधी पाणी तरी पी..."

थोरली पाणी प्यायला थांबली नाही.

मामा टबाशेजारी स्टुलावर बसला होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. मांडीवर टॉवेल, टॉवेलात पाच पिल्लं एकमेकांना बिलगून थरथरत होती. पिवळी लव अंगाला चिकटून ती निम्मी झाली होती. आणि सहावं, सगळ्यांच्या नंतर दीड दिवसाने अंड्यातून बाहेर पडलेलं शेंडेफळ, मामाच्या ओंजळीत मान टाकून पडलं होतं.

"बुडत होतं," मामा म्हणाला. "बदकाचं पिल्लू, आणि बुडत होतं! मी तीस वर्षं तलावावर पोहायला शिकवलं, असलं काही पाहिलं नाही."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आग नंतर, ऊब आधी. तिने शेंडेफळ हिसकावून घेतलं, कोरड्या फडक्यात गुंडाळून सदऱ्याच्या आत छातीशी धरलं आणि पाचांना टॉवेलसकट उचलून दिव्याखालच्या खोक्यात नेऊन ठेवलं. शेंडेफळाचे पाय बर्फासारखे लागत होते. त्याचं काळीज मात्र चालू होतं, शिवणीच्या टाक्यांसारखं, बारीक आणि भराभर.

मग तिने तोंड उघडलं.

"मामा, आरशावर काय लिहिलंय?"

आरशावर तिच्या अक्षरातला कागद होता. पाणी चार बोटं. तापमान तेहतीस अंश. चढायला विटांचा उतार. पाच मिनिटं, घड्याळ लावून. आणि खाली, दोन रेघा मारून: मी आल्याशिवाय नाही.

"मी विचारतेय, शेवटची ओळ काय आहे?"

"वाचता येतं मला."

"मग?"

"मग तू दोन तासांत येते म्हणालीस आणि चार तास झाले. पाणी निवत होतं. दोनदा गरम केलं. किती वेळ करणार?"

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. सुट्टीच्या दिवशी सकाळीच बोलावणं आलं, कुठल्याशा पंपाच्या पाण्याचे नमुने, लगेच हवे. नेमके आजच. प्रयोगशाळेने मोडीत काढलेलं उबवणी यंत्र तिनेच घरी आणून दुरुस्त केलं होतं. अठ्ठावीस दिवस अंडी वेळच्या वेळी फिरवली होती. पिल्लांचं पहिलं पोहणं पाहायचा हक्क कुणाचा असेल तर तिचा होता, आणि तो या माणसाने दोनदा गरम केलेल्या पाण्याबरोबर वाहून घालवला होता.

"आणि मला विचारलं कुणी?" आता मामाही तापला. "अख्ख्या गावाला पोहायला मी शिकवलं. तुला शिकवलं, तुझ्या आईला शिकवलं. आणि घरात पहिलं पोहणं आहे, तर मला काम काय? टॉवेल धरायचं!"

"माशाच्या पोराला पोहायला शिकवावं लागत नाही म्हणतात," आईने दारातून हळूच म्हटलं.

"आई, तू यात पडू नकोस! माशाला आईची गरज नसते, यांना असते. आई बदक यांना पोटाखाली घेते, तिच्या पिसांचं तेल यांच्या लवेला लागतं, म्हणून पाणी आत शिरत नाही. यांना आईच नाही. म्हणून तर चार बोटं पाणी, म्हणून पाच मिनिटं! मामा, तू किती पाणी भरलंस?"

"चार बोटं."

"तुझी की माझी?"

"तुझीच. तुझ्या आईची बोटं मोजून घेतली, तुझ्यासारखीच आहेत."

"तापमान?"

"तेहतीस. तुझाच तापमापक. तुझ्याच विटा. आणि पाच कुठली, दोन मिनिटं झाली नाहीत तोच काढली बाहेर."

थोरलीला एकही चूक सापडेना. याचाच तिला जास्त राग आला. चूक सापडली असती तर मामाला धारेवर धरता आलं असतं. पण सगळं तिच्या कागदाबरहुकूम होतं आणि तरीही पिल्लं कापसाच्या बोळ्यासारखी भिजली होती. बारा दिवसांच्या पिल्लाच्या अंगात स्वतःचं थोडं तेल येऊ लागतं. दोन मिनिटं तरंगण्यापुरतं तरी नक्की. मग पाणी कुठे मुरत होतं?

छातीपाशी काहीतरी हललं. तिने सदऱ्यात नाक घातलं. शेंडेफळाने एक डोळा उघडून मिटला. आणि वास आला. लिंबाचा.

"मामा," ती अगदी सावकाश म्हणाली, "याला लिंबाचा वास कसा?"

"साबणाचा आहे. भांड्यांचा. हाताला मऊ असतो म्हणून घेतला."

"तू यांना साबण लावलास?"

"मग? न धुताच उतरवू?" मामा खरोखर चकित झाला होता. "आंघोळ केल्याशिवाय तलावात उतरू नये. तीस वर्षं ती पाटी माझ्या डोक्यावर होती. नुसते केस ओले करून आलेल्या बड्याबड्यांना मी परत पाठवलंय, जा, साबण लावून ये म्हणून. आणि ही तर दिवसभर स्वतःच्याच घाणीत लोळतात. तुझं एवढं स्वच्छ पाणी! एकेकाला धरून चोळून चोळून धुतलं मी."

"भांड्यांचा साबण कशासाठी असतो, मामा? तेल काढायला! होतं नव्हतं ते सगळं तेल तू धुऊन काढलंस आणि वर पाण्यात सोडलंस! रेनकोट काढून घ्यायचा आणि म्हणायचं, जा बाळा पावसात!"

"तुझ्या कागदावर लिहिलं होतंस, साबण लावू नये म्हणून?"

"असलं कुणी लिहितं का!"

"वाच की. सगळं लिहिलंयस. बोटं लिहिलीस, अंश लिहिलेस. साबण कुठे आहे?"

कुठेच नव्हता. थोरलीला मामाचा संताप आला, पाटीचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो आपल्या त्या नीटनेटक्या अक्षराचा. ती शेंडेफळाला फडक्यासकट मांडीवर घेऊन दिव्याशी जाऊन बसली. मामा तिच्या समोर बसला, भिजल्या बाह्यांनी. तास-दीड तास दोघं एकमेकांकडे न पाहता त्या फडक्याकडे पाहत राहिले. शेवटी फडक्यातून कर्कश चिवचिव आली. जोरदार तक्रार होती.

"बघ, ओरडतंय," मामा म्हणाला.

"ओरडणारच. मीही ओरडतेय ना."

तीन आठवडे पिल्लांना पाणी फक्त प्यायला मिळालं. ती शेपटीच्या मुळाशी चोच घासून अंगाला तेल लावायला लागली, तेव्हा थोरलीने कागद पुन्हा लिहिला. पहिली ओळ होती: साबण नाही. खाली तिने मामाची सही घेतली.

पाच पिल्लं विटांवरून थेट पाण्यात गेली आणि बुचासारखी तरंगली. शेंडेफळ वरच्या विटेवर उभं राहिलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बाकीच्यांना बाहेर काढून झालं तरी ते जागचं हललं नाही. थोरलीने पुन्हा घड्याळ पाहिलं. हे आता जन्मभर पाण्याला भिणार की काय? तिने बोट पुढे केलं, हलकेच ढकलावं म्हणून.

मामाने फटकन तिच्या हातावर चापट मारली.

"हात मागे! ढकलायचं नाही."

"तू? तू मला सांगतोस? मला सहाव्या वर्षी तूच ढकललं होतंस!"

"तू बुडून आली नव्हतीस. बुडून आलेल्याला ढकलायचं नसतं. बस गुमान."

ती धुमसत बसली. मामाने दोनदा गरम पाणी घातलं, तापमापक बुडवून, वाचून, चार बोटं मोजून. पाऊण तासाने शेंडेफळाने एक पाय भिजवला, झटकला, आणि जणू ते आपल्याच मनात होतं अशा थाटात पाण्यात उतरलं. तरंगलं. पाठीवरून पाण्याचे मणी घरंगळले. टबाच्या मध्यावर जाऊन त्याने शेपूट हलवली आणि सगळ्या स्वच्छ पाण्यात घाण केली.

मामाचा चेहरा तांबडालाल झाला. हात सवयीने गळ्यापाशी गेला, जिथे तीस वर्षं शिट्टी असायची.

"एक शब्द बोलायचा नाही, मामा," थोरली म्हणाली.

"अगं, पण हे बघ तरी! तलावात! माझ्या डोळ्यांदेखत!"