नव्या शेगडीवरचं दूध

माझ्या हातून विजेची शेगडी जोडली जाईल असं कुणी सांगितलं असतं, तर त्याला मी सरळ ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडला असता. मी बाई चुलीपुढची. कोळसा, राख नि फुंकणी, एवढंच माझं शिक्षण. पण ह्यांच्या छातीत गिरणीतला कापूस बसला आणि डॉक्टरांनी बजावलं, "खोलीत धूर चालणार नाही. जमत नसेल तर ह्यांना गावी पाठवा." गावी पाठवा म्हणे! तिथं ना डॉक्टर, ना औषध. गेलेला माणूस परत येणार नाही हे मला कळत होतं, आणि माझ्या सासूला माझ्याहून जास्त.

शेगडी आणली ती कुशाबांनी, गिरणीतल्या वायरमननं. जुनी होती, वायर कुजलेली. भिंतीत जाड प्लगही त्यांनीच बसवला. "नवी वायर उद्या जोडतो, वहिनी," म्हणाले. उद्या कसलं नि काय! संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात सगळ्यांत पुढं होते, धरले गेले. इकडं ह्यांची ढास थांबेना. मी म्हटलं, मरू दे, विचारायचं तर त्यांनाच. पिशवी उचलली आणि भोईवाड्याच्या कोर्टापाशी जाऊन उभी राहिले.

पोलिसांची गाडी आली. जाळीआड कुशाबा घोषणा देत होते, मला बघून थांबले.

"वहिनी, तुम्ही?"

"ती शेगडी कशी जोडायची ते सांगा आधी!"

गाडीभर सत्याग्रही हसले. कुशाबा मात्र हसले नाहीत. बोटांवर दाखवून म्हणाले, "हिरवी तार जाड पिनेला. लाल नि काळी बाजूच्या दोघींना. त्या एकमेकींना शिवता कामा नयेत, सवती समजा. आणि वरच्या वेटोळ्यावर थेंब पडू देऊ नका. शेगडी जाईल, हात लावणाराही जाईल." तेवढ्यात हवालदारानं त्यांना आत नेलं.

घरी येऊन कुशाबांनी आणून ठेवलेल्या नव्या वायरीची साल विळीवर काढली, सुरीच्या टोकानं स्क्रू आवळले. हे भिंतीला टेकून बघत होते. शेजारची शेवंती दारातून ओरडली, "बया, मरशील गं!"

"मेले तर रडायला ये. आता गप्प बस."

सगळं झालं, तर सासूबाई दुधाचं पातेलं घेऊन हजर. "नव्या चुलीर दूध उतू जाऊकच होया. त्याशिवाय घराक बरकत नाय."

"आई, थेंब सांडला तर सगळं संपेल!"

"रीत ती रीत." आणि ठेवलंनच पातेलं. हट्टापुढं कुणाचं चाललंय?

देवाचं नाव घेऊन मी बटण दाबलं. काहीच नाही. मग वेटोळ्याच्या एका कडेला लाली आली, जास्वंदीच्या कळीएवढी. ती सरकत सरकत आतपर्यंत गेली, सगळी तार लालबुंद झाली. ना जाळ, ना राख, ना धुराची रेघ. अगं आई गं! ह्या हातांनी केलं हे? शेवंतीनं हात जोडले. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू.

दूध वर यायला लागलं. मी झटकन बटण बंद केलं, पण वीज गेली तरी तार तापलेलीच. दूध चढतच होतं, अगदी काठाशी आलं. मी किंचाळले, "आई!"

सासूबाई लेकाकडं बघत होत्या. मघापासून हे खोकलेच नव्हते. शेगडीपासून हातभर अंतरावर, भिंतीला डोकं टेकून, तोंड मिटून, संथ श्वास घेत शांत झोपले होते.

म्हातारीनं पदरानं पातेलं झडप घालून उचललं. दूध तिच्या मनगटावर सांडलं, पण शेगडीवर एक थेंब पडू दिला नाही. चटका बसलेला हात तसाच धरून ती पातेल्यातल्या दुधाला हळू आवाजात म्हणाली, "उतू जाव नको गे बाय. माका बरकत नको. माझो झील हयच रवांदे."