खूप सुंदर चेष्टा

अनुजाचे वडील बँकेतले. जूनमध्ये बदली झाली आणि पुण्याची अनुजा हावड्याला येऊन पडली. कॉलेज नदीपलीकडे, कोलकात्यात. तिथं वर्गात मराठी बोलणारी दुसरी एकच, न्यू टाउनची देवयानी. तीही जन्मापासून कोलकात्यातली, म्हणजे मराठी घरापुरतं.

अनुजाचा नेम कडक होता. रोज एक रील. फुचका, म्हणजे तिथली पाणीपुरी, कॅमेऱ्यासमोर खायचा तर तीनदा खायचा, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत पुरी पाण्यानं फुटायची. फुटलेल्या पुऱ्या कॅमेरा धरणाऱ्या देवयानीच्या वाट्याला. तिची तक्रार नव्हती. रील टाकून झाल्यावर अनुजा मिनिटाला दोनदा फोन बघायची, तेवढ्यात देवयानी उरलेलंही संपवायची.

मग अनुजानं बंगालीत चार वाक्यं पाठ केली आणि त्यांची रील टाकली. देवयानीला भारी कौतुक वाटलं. हौसेनं तिनं खाली मराठीत लिहिलं, ‘अनुजा, खूप सुंदर चेष्टा!’

त्याखाली पुण्याहून सव्वीस हसरे चेहरे आले. अनुजानं रील काढून टाकली. वर्गात ती तीन दिवस वेगळ्या बाकावर बसली. देवयानीनं केलेल्या मेसेजना उत्तर नाही. चौथा मेसेज लिहिताना देवयानीला आपल्याच मराठीची भीती वाटली, तिनं तो पुसला. वर्गातली एकुलती एक मराठी मैत्रीण हातची चालली होती.

दुसऱ्या दिवशी फोन घरीच ठेवून ती उलटी नदी ओलांडून हावड्याला गेली आणि अनुजाच्या मागोमाग लाँचवर चढली. लाँचला दहा मिनिटं लागतात. मध्येच उतरायची सोय नसते.

“मी तुला चांगलं बोलली होती,” देवयानी म्हणाली.

“बोलले होते,” अनुजा नदीकडे बघत म्हणाली. “आणि चांगलं कसलं? माझी चेष्टा केलीस ती केलीस, वर स्वतःच ‘सुंदर’ म्हणालीस!”

“अगं, चेष्टा म्हणजे प्रयत्न ना?”

“हो का! आता अर्थही तूच ठरव. सव्वीस जण हसले मला.”

“त्यातले ओळखीचे किती?”

अनुजानं बोटांवर मोजलं. “चार. त्यातल्या दोघी चुलत बहिणी.”

“मग घरच्याच!”

अनुजाला हसू फुटणार होतं, ते तिनं दाबलं आणि तोंड चुकवायला झालमुडीवाल्याकडे वळली. झालमुडी म्हणजे मोहरीच्या तेलात न्हालेली भेळच. पाठ केलेल्या चारपैकी दोन वाक्यं तिनं त्याला ऐकवली. क्रियापद भलतीकडे गेलं. म्हातारा खूश झाला, मूठभर शेंगदाणे जास्त टाकत म्हणाला, “बाह दीदी! खूब भालो चेष्टा!”

अनुजा त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं देवयानीकडे बघितलं.

“हा पण?”

“हा पण!”

दोघी इतक्या हसल्या की पुडी अर्धी सांडली. पलीकडचा धक्का आला तेव्हा लक्षात आलं, झालमुडीची रील राहिलीच.

“राहू दे,” अनुजा म्हणाली. “गरम मसाला लागतोय यात. मला आजच कळलं.”

रोजची रील रविवारवर आली. मग एका रविवारी दोघी उशिरापर्यंत झोपल्या, तीही राहिली. पुण्याहून विचारणा झाली, ‘आहेस का?’ अनुजानं ‘आहे’ एवढंच कळवलं आणि फोन पिशवीत टाकला. देवयानी आता रोज हावड्याहूनच चढते. वाट वाकडी पडते, पण मराठी सुधारतंय.

“चल, माझी चेष्टा कर,” परवा अनुजा म्हणाली.

“मराठीत की बंगालीत?”

“दोन्ही.”

“मग परतीची लाँचही घ्यायला लागेल!”