ती बाई काढ

चित्राताईंनी फोटो टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नखाने उजवा कोपरा हलकेच खरवडून पाहिला. डाग गेला नाही.

"धुताना पाणी कमी पडलंय," त्या म्हणाल्या.

"दिव्याला राहतो, मॅडम, पाणी टँकरचं," समोरचा तरुण म्हणाला, आणि सगळा वर्ग हसला.

डोंबिवली पूर्वेला एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात रविवारी सकाळी हे कृष्णधवल मंडळ भरायचं. मोबाईलच्या जमान्यात रीळ घालून फोटो काढणारी आणि बाथरूमची खिडकी काळ्या कागदाने बंद करून ते धुणारी, म्हणजे थोडक्यात घरच्यांची बोलणी खाणारी ही मंडळी. चित्रा दामले त्यांच्यात सगळ्यात वडील. कलाशिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या, पण शिकवायची खोड गेली नव्हती. कुणीही फोटो पुढे केला की त्यांची एकच रीत होती: एक बरं, दोन खरं. आधी एक चांगली गोष्ट सांगायची, मग दोन चुका, आणि त्या सुधारायच्या कशा तेही. खोटी शाबासकी त्यांच्याकडून आजवर कुणाला मिळाली नव्हती, त्यामुळे खरी मिळालेले लोक ती वर्षभर पुरवून खात.

समोरचा तो तरुण, संदेश, त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता. ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाईप करायचा, कॅमेरा सेकंडहँड घेतलेला. फोटो ठाकुर्लीतल्या एका जुन्या इमारतीचा होता. धोकादायक म्हणून रिकामी केलेली, दारं निघालेली, गॅलरीत वाळत घालायच्या दोऱ्या तेवढ्या उरलेल्या.

"बरं हे, की तुला गप्प बसता येतं," चित्राताई म्हणाल्या. "पडकी इमारत दिसली की लोक फोटोतून गळा काढतात. तू नाही काढलास. आता खरं ऐक. कॅमेरा डावीकडे कललाय, तो सरळ धर. आणि दुसरं, रिकामपण हा विषय आहे ना तुझा? मग तिसऱ्या मजल्यावरची ती बाई काढ."

संदेशने मान वर केली.

"कोण बाई?"

"खिडकीतली. एक माणूस दिसला की रिकामपण संपलं. तिला काढ, मग बघ फोटो कसा बोलतो."

"हो, ती जरा डिस्टर्बच करते," अपूर्व म्हणाला. चित्राताईंच्या वाक्याला मान डोलावणं हे मंडळातलं त्याचं कामच होतं.

संदेशने फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. बराच वेळ त्याने तो खाली ठेवला नाही.

"काढतो," तो शेवटी म्हणाला.

चहाच्या वेळी विनीत हळूच चित्राताईंच्या जवळ आला. मंडळात त्यांना प्रश्न विचारायची हिंमत असलेला तो एकटाच.

"ताई, कुठली बाई?"

"अरे, तिसऱ्या मजल्यावरची."

"मला नाही दिसली. अपूर्वलाही नाही, मी आत्ताच विचारलं त्याला."

"मोतीबिंदू माझा काढलाय आणि दिसायचं तुमचं बंद झालंय," चित्राताई म्हणाल्या. विनीत हसला. त्याही हसल्या, पण चहा त्यांनी अर्धाच घेतला.

पुढच्या रविवारी संदेश सगळ्यांच्या आधी येऊन थांबला होता. चित्राताईंनी वर्गाचं कुलूप उघडलं तसा तो मागोमाग आत आला आणि पिशवीतून फोटो काढून त्याने टेबलावर ठेवला. तीच इमारत, पण या वेळी फक्त तिसरा मजला आणि ती एक खिडकी. चित्राताईंना रागच आला.

"अरे, ती बाई काढ म्हटलं होतं मी तुला."

"काढली ना, मॅडम. काल सकाळपासून उभा होतो तिथं."

चित्राताईंच्या ध्यानात आलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. चूक पोराची नव्हती, भाषेची होती. मराठीत फोटो काढतात, काटा काढतात, आठवण काढतात आणि भाडेकरूही काढतात. त्या हसून समजावून सांगणार होत्या, तेवढ्यात संदेशने विचारलं,

"आली का?"

"म्हणजे?"

"फोटोत. आली का ती?"

"तुला दिसत नाहीये?"

"नाय. मागच्या वेळी पण नव्हती दिसली. तुम्हालाच दिसली, म्हणून तर लवकर आलो. कशी आहे, सांगा ना."

चित्राताईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्यांनी फोटो उजेडाकडे वळवला. बाई तिथं होती. धुण्यातला डाग नव्हता, सावली नव्हती. चांगली हाडामांसाची बाई होती.

"गज धरून उभी आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "वय झालेलं आहे. डोक्यावर पदर आहे, आणि पदराचं टोक दातात धरलंय."

संदेश मुलांच्या बुटक्या बाकावर बसला. त्याचे गुडघे छातीशी आले.

"आई आहे," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. त्याच खोलीत तो वाढला. इमारत रिकामी करायला लागली तेव्हा दिव्याला घर घेतलं. तिथं आईला करमलं नाही. पाणी भरायचं, दाराशी बसायचं, बोलायला कुणी नाही. श्रावणात ती गेली.

"फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायची. फोन नुसता समोर धरला तरी पदर तोंडात. आधार कार्डावरचा एक आहे. तेराव्याला तोच मोठा करून हार घातला. त्याच्यात आई नाहीय, मॅडम. पकडून आणलेली बाई आहे कुणीतरी. मी सगळ्या दुनियेचे फोटो काढले आणि आईचा एक नाय." तो थांबला. "तुम्ही म्हणालात, ती बाई काढ. मला वाटलं, तुम्हाला कळलंय."

आपल्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते आता सांगण्यात अर्थ नव्हता. चित्राताईंना भीती वाटत होती, आणि भीतीहून जास्त त्या पोराची दया येत होती. पहिल्या फोटोतली बाई खाली पाहत होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. या फोटोतली संदेशकडे पाहत होती. त्यांनी फोटो उलटा फिरवला, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला. तरी ती त्याच्याकडेच पाहत होती.

"उद्या पाडायला घेणारेत," संदेश म्हणाला. "त्याच्या आधी एकदा नीट काढायचाय. काय चुकतंय तेवढं सांगा."

बाहेर जिन्यावर बाकीच्यांची पावलं वाजायला लागली होती. चित्राताईंना उत्तर द्यायला दुसरी कुठली रीत येत नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या रीतीनेच दिलं.

"बरं हे, की या वेळी सरळ धरलायस. आता खरं. एक म्हणजे ऊन डोक्यावर होतं, ते कलल्यावर जा. आणि दुसरं, तू चोरून काढतोयस. खाली रस्त्यावर उभं राहून, परक्यासारखा. आधी वर जा, दारात उभा राहा आणि हाक मार. माणूस कॅमेऱ्याला बघत नाही रे, हाकेला बघतो."

संदेशने मान हलवली. विनीत आणि अपूर्व आत आले तेव्हा फोटो पिशवीत गेला होता.

सोमवारी दुपारी चित्राताईंच्या घराची बेल वाजली. संदेश दारात उभा होता. केसांवर धूळ, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो. तो आत येऊन दिवाणावर बसला. दार लोटायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

"सकाळपासून तोडतायत," तो म्हणाला. "काल संध्याकाळी गेलेलो. वॉचमन सोडत नव्हता, त्याला चहा पाजला आणि वर गेलो. आमच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, आई, चल, बाहेर ये, इथं आता काय नाय राहिलं. मग खाली येऊन काढला. टँकरचं सगळं पाणी याच्यावर घातलं, मॅडम. घरात भांडी तशीच पडलीत."

चित्राताईंनी वर्तमानपत्र उलगडलं. फोटो अजून दमट होता. डाग एकही नव्हता. इमारत सरळ उभी होती, भिंतीवर तिरपं ऊन होतं, तावदानाच्या फुटक्या काचेवर त्याची एक चीर. असा फोटो मंडळात कुणी काढला नव्हता, त्यांनी स्वतःही नाही.

खिडकीत कुणी नव्हतं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. शेजारची खिडकी पाहिली, खालची पाहिली, गॅलरी, जिना, पायथ्याशी पडलेल्या विटा. कुणीही नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी मागितला होता तो हाच फोटो. पण संदेश शाबासकीसाठी आला नव्हता.

"काढली का, मॅडम? या वेळी तरी आली का नीट?"

हो म्हणावं तर खोटं, आणि नाही म्हणावं तर आता तिथं पुन्हा जायला इमारतच नव्हती. पोर इतक्या आशेने त्यांच्या तोंडाकडे पाहत होतं की त्यांना ती नजर सोसवेना. त्यांनी मान वर करून उघड्या दाराकडे पाहिलं, आणि मग तिथंच पाहत राहिल्या. हातातला फोटो त्यांनी न बघताच टेबलावर ठेवला.

मग त्या उठल्या.

"या ना," त्या म्हणाल्या. "आत या. बसा."

"बसलोय की," संदेश म्हणाला. मॅडम आजवर आपल्याला अरेतुरे करत होत्या, हे त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण तो किंचित ओशाळला.

चित्राताई स्वयंपाकघरात गेल्या आणि पाण्याचे दोन पेले घेऊन आल्या. एक त्याच्या पुढ्यात ठेवला. दुसरा दिवाणाच्या दाराकडच्या टोकाला, वाकून, जपून ठेवला.

"मला एक पुरे, मॅडम. सांगा ना. काढली का मी?"

"काढलीस," चित्राताई म्हणाल्या.

संदेशने डोळे मिटले. मग मनगटाने ते पुसले आणि टेबलावर वाकून फोटोकडे पाहिलं, त्याला काही दिसत नव्हतं तरी.

"कशी दिसते?"

चित्राताईंची नजर फोटोवर नव्हती.

"दमल्यात फार," त्या म्हणाल्या. "पाणी पिऊन होऊ दे. मग घरी घेऊन जा त्यांना."